प्राकृत अध्यापन : दानाची एक उपेक्षित दिशा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सात रस्ता, सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सात रस्ता चौकात क्षणभर उभे राहिले तरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. येथील जैन समाजातही कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या गुजराती, तर कोणाच्या कन्नड बोलली जाते. या सर्व घरांतून प्रातःकाळी उच्चारला जाणारा णमोकार मंत्र मात्र प्राकृत भाषेत आहे. आणि ती भाषा शिकलेले घर विरळा.

दान कोठे द्यावे, हा प्रश्न याच नगरीतील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना १९४० च्या सुमारास पडला. त्यांनी देशभर फिरून विद्वानांची मते घेतली. १९४१ मध्ये नाशिकजवळील गजपंथा तीर्थावर विद्वान एकत्र आले आणि जैन संस्कृती संरक्षक संघ जन्मास आला. आरंभी ३०,००० रुपये, आणि १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघास अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमालेत यतिवृषभाचार्यांच्या ‘तिलोयपण्णत्ती’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग १९४३ मध्ये व दुसरा १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाचे संपादक होते डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. दोघेही पेशाने शिक्षक. उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवीत. हिरालालजी अमरावतीस संस्कृतचे अध्यापन करीत. महाविद्यालयांत या विषयांच्या जागा नसत्या, तर दोशींच्या उदार हस्ताला संपादक कोठून मिळाले असते? ग्रंथप्रकाशनाची कीर्ती सर्वत्र गायिली जाते, त्यामागील अध्यापनाची फारशी नाही.

पाठशाळेत मुले पाठांतर उत्तम करतात. ‘अरिहंताणं’ हे रूप षष्ठीचे असून चतुर्थीच्या अर्थाने आले आहे, एवढे सांगणारा शिक्षक लाभला तर तेच पाठांतर बोलू लागते. मराठीतील ‘घरास’, ‘देवास’ यांतील ‘स’ प्रत्ययाचे नाते प्राकृतातील षष्ठीच्या ‘स्स’शी भाषाशास्त्रज्ञ जोडतात, हे ऐकून सोलापूरच्या मुलाला आपल्या घरच्या बोलीकडे नव्याने पाहता येईल. हे काम अनुवादाच्या पुस्तकाने होत नाही.

महाराष्ट्रात माध्यमिक स्तरावर अर्धमागधीस स्थान आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. परंतु दर्जाने वर्ग भरत नाही. फळ्यापाशी कोणीतरी उभे राहावे लागते. पुण्याच्या सन्मति-तीर्थ संस्थेने प्रौढांसाठी प्राकृत व जैनविद्येचे क्रमिक वर्ग चालविले. संसार सांभाळून शिकणाऱ्या भगिनी हेच भावी शिक्षकांचे सर्वांत विश्वासू दल आहे. पाठशाळांचा भार आजही बहुधा त्यांच्याच खांद्यावर असतो, आणि तोही बहुतेक वेळा मानधनाविना.

तेव्हा सुवर्णमहोत्सवी निधीतून नवे सभागृह बांधावे की नाही, याचा विचार विश्वस्तांनी अवश्य करावा. त्याआधी पाच पाठशाळांतील पाच शिक्षिकांना दोन वर्षे प्राकृत शिकण्याची सोय, प्रवासखर्च आणि सन्मानाचे मानधन द्यावे. त्या शिकत असताना त्यांचे वर्ग कोण घेणार, हेही आजच ठरवावे लागेल.