टकळीच्या गावी



22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती. माणसाला ज्ञान होते कसे, या जुन्या प्रश्नाला तिने हाताची साक्ष काढून उत्तर दिले. आज आपण त्याच प्रश्नापाशी जमलो आहोत, याचा आम्हा वर्धेकरांना फार आनंद आहे.

अभ्यासक्रम, परीक्षा, पुस्तके यांवर आपण कितीही वाद घातले, तरी तळाशी हाच प्रश्न असतो. ज्ञान आत्म्यात आधीचेच आहे, त्याची आठवण तेवढी करून द्यायची, असे प्लेटोने मानले. म्हणून त्याचा सॉक्रेटिस सांगत नाही, विचारत राहतो. लॉकला मन कोऱ्या कागदासारखे वाटले, मग मुलाच्या वाट्याला कोणता अनुभव येतो याला मोल आले. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. आपल्या शाळांनी त्यांतले शेवटचे तेवढे उचलले. तेही नीट नाही! शब्द म्हणजे आप्ताचे वचन. ज्याला विषय कळला आहे आणि जो खरे तेच सांगतो, अशा माणसाचे. आपण तो मान गाइडमधल्या तयार उत्तराला देऊन बसलो.

शब्दाविना कळणे म्हणजे काय, ते मी लहानपणी अनुभवले. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. डाव्या हातात पेळू, उजव्या चिमटीत टकळी. पीळ कमी पडला की धागा तुटे, जास्त पडला की स्वतःभोवतीच गुंडाळे. किती पीळ पुरे, हे गुरुजींना शब्दांत सांगता येत नव्हते. पंधरा दिवसांनी ते माझ्या बोटांना कळले. चार फुटांची एक तार, अशा 640 तारांची गुंडी. दिवसाला 80 तारा निघाल्या तर गुंडीला आठ दिवस, हा भागाकार मला कुणी शिकवला नाही. पण पुढच्याच तासाला गुरुजी गणिताचे पुस्तक उघडत, आणि सुताचा कुठे मागमूसही नसलेली उदाहरणे आम्ही उत्तरांसकट पाठ करत असू.

माझ्या मते वर्ध्याच्या त्या परिषदेतून निघालेली नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना, इथेच हुकली. टकळी वर्गात आली, पण ज्ञानाची कल्पना जुनीच राहिली. उद्योग हा शिक्षणाचा गाभा व्हायचा होता, तो वेळापत्रकातला एक तास झाला. या योजनेचा अभ्यासक्रम आखणाऱ्या झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालात बजावले होते की उद्योगातून होणाऱ्या कमाईच्या बाजूवर भर देताना शिक्षणाचा हेतू बाजूला पडू देऊ नका. कमाईही झाली नाही आणि हेतूही निसटला. मुलाच्या हाताला कळते यावर आमचा, शिक्षकांचाच, विश्वास बसला नव्हता. हे बोलताना मला आजही वाईट वाटते.

या दोन दिवसांत यावर मोकळेपणाने बोला, आमच्याशी भांडासुद्धा. उद्या सकाळी सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात, जायची सोय केली आहे. अंतर जेमतेम आठ किलोमीटर. आपल्या प्रत्येकाच्या पिशवीत एक टकळी आणि दोन पेळू ठेवले आहेत. रात्री निवासावर गेल्यावर सूत काढून पाहा. पहिले काही धागे तुटतील. म्हणून पेळू दोन दिले आहेत.