घर आणि घडा

घर बांधतात आणि घडा घडवितात. आपल्या भाषेंत या दोन कामांसाठीं दोन निराळीं क्रियापदें आहेत. तीं कोणी सभा भरवून वांटून दिलेलीं नसलीं तरी त्यांत पुष्कळच अर्थ सांठलेला आहे. बांधावयाचें म्हणजे अनेक सुट्या वस्तू एकमेकींस जोडावयाच्या : विटेस वीट, खांबास तुळई. घडवावयाचें म्हणजे एकाच गोळ्यांतून आकार बाहेर काढावयाचा. पहिलें काम गवंड्याचें, दुसरें कुंभाराचें. दोघेही मातीचेच उपासक. परंतु एकाच गांवांत राहूनही त्यांच्या वाटा सहसा एकत्र येत नाहींत.

ही दोन क्रियापदें एकत्र आणण्याचा प्रयत्न ज्यांनीं केला त्यांच्या विचाराची ओळख श्रोत्यांस करून द्यावी, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे. घर घडवितां येईल काय? घड्याप्रमाणें तें आधीं कच्च्या मातीचें करावें आणि मग जागच्या जागीं भाजून पक्कें करावें, असें होईल काय? प्रश्न प्रथम ऐकतांना विक्षिप्त वाटतो. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां स्थापत्याविषयीं आणि एकंदर कारागिरीविषयीं एक शहाणी दृष्टि हातीं लागली, आणि ती खानदेशांतील घर बांधणाराच्याही उपयोगी पडण्यासारखी आहे.

तेव्हां प्रथम आपल्या जवळच्याच मातीकडे पाहूं. धुळ्याहून आग्ऱ्याच्या हमरस्त्यानें उत्तरेस निघालें म्हणजे सोनगीर मागें पडतें आणि तापी गांठण्यापूर्वीं नरडाणा लागतें. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील हें स्थानक. आज तेथें औद्योगिक वसाहत आहे आणि नवीं घरें सिमेंटच्या स्लॅबचीं होतात. परंतु या टापूंतील जुनें घर म्हणजे धाब्याचें घर. मातीच्या जाड भिंती, लांकडी खांब व तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळकुटें, त्यांवर पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर खारी माती. ही खारी माती पिकाच्या दृष्टीनें अगदीं टाकाऊ. पण तिच्यांतील क्षारामुळें तिचे कण पाण्यांत सुटे होऊन अतिशय दाट बसतात. पहिल्या पावसांत ती फुगते, आपल्या फटी आपणच बुजविते आणि पाणी खालीं उतरूं देत नाहीं. शेतकऱ्यानें जिला नांवें ठेवावीं तिलाच गवंड्यानें डोक्यावर घ्यावें, असा हा प्रकार आहे. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो तेव्हां हें जाड धाबें दुपारचें ऊन वरच्या वर अडवून धरतें, आणि रात्रीं घरचीं माणसें त्याच धाब्यावर अंथरुणें घालतात.

त्याच घरांत पाण्याच्या जागेवर माठ असतो. तोही मातीचाच, पण भाजलेल्या मातीचा. मातींत रासायनिक रीतीनें बांधलेलें पाणी असतें. तें सुमारें ५०० ते ६०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या पुढें निघून जातें, आणि मग त्या वस्तूचा पुन्हा चिखल होत नाहीं. माती येथें आपला जन्म बदलते. परंतु कुंभार माठ बेतानेंच भाजतो, कारण त्यास माठाच्या अंगांत सूक्ष्म छिद्रें ठेवावयाचीं असतात. त्यांतून पाणी पाझरतें व वाफ होऊन जातें. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्चीं पडते; ती बरीचशी आंतल्या पाण्यांतून ओढली जाते आणि पाणी गार होतें. माती किती भाजावी याचा निर्णय कुंभार भांड्याच्या उपयोगावरून करतो. आकार, माती, अग्नि आणि उपयोग या चारही गोष्टींचा विचार त्याच्या मनांत एकाच वेळीं चालतो. आमच्या घरबांधणींत मात्र नकाशा एका ठिकाणीं तयार होतो, सामान दुसऱ्या ठिकाणाहून येतें, आणि उन्हाळा सोसावयाचा तो तिसऱ्यानेंच!

खानदेशांत घर आणि घडा यांचा हा शेजार फार जुना आहे. तापीकांठच्या सावळदा या गांवाचें नांव पुरातत्त्वज्ञांनीं एका प्राचीन रंगविलेल्या मृत्पात्रपरंपरेस दिलें आहे. धुळे जिल्ह्यांतील कवठें येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केलेल्या उत्खननांत या परंपरेच्या लोकांची, सुमारें चार हजार वर्षांपूर्वींची, वस्ती सांपडली. हे लोक जमिनींत खड्डा घेऊन त्यावर झोंपडी उभारीत, आणि भांड्यांवर मासे, पक्षी व बाणांचीं टोंकें चितारीत. घर कच्चें तें नाहींसें झालें, भांडें भाजलेलें तें खापरांच्या रूपानें उरलें. त्या माणसांची बहुतेक सारी ओळख आपणांस त्यांच्या खापरांवरूनच होते. मग भिंतही भाजून कां काढूं नये, असा विचार कोणाच्या मनांत आला तर त्यास वेडा म्हणतां येणार नाहीं.

तो विचार अमलांत आला तो मात्र इराणांत. नादिर खलिली नांवाच्या वास्तुविशारदानें १९७५ सालीं आपला चांगला चालता व्यवसाय सोडला आणि तो वाळवंटी प्रदेशांतील खेडीं पाहत हिंडूं लागला. जुन्या भट्ट्यांचे मातीचे घुमट आंतल्या आगीनें भाजून दगडासारखे झालेले त्यानें पाहिले, आणि खेड्यांतील कच्चीं घरें आंतून तेलाच्या ज्योतीनें भाजून काढण्याचे प्रयोग केले. त्याच्याही पूर्वीं, १९४५ पासून, मिसर देशांत हसन फाथी या स्थापत्यकारानें लक्झरजवळ नवें गुर्ना गांव वसवितांना नूबियाच्या गवंड्यांची एक जुनी युक्ति पुन्हा चालू केली होती. हे गवंडी कच्च्या विटांच्या कमानी सेंटरिंगच्या आधारावांचून उभारतात. पहिली ओळ मागच्या भिंतीस किंचित् कलती टेंकवावयाची, दुसरी पहिलीवर, तिसरी दुसरीवर. चिखलच विटेस धरून ठेवतो. ज्या देशांत लांकूड दुर्मिळ, तेथें ही युक्ति म्हणजे संपत्तीच होय.

हे दोन धागे हिंदुस्थानांत एकत्र आले ते रे मीकर यांच्या हातीं. मीकर यांचा जन्म १९४४ सालीं न्यूयॉर्क येथें झाला. कॅलिफोर्नियांतील विद्यापीठांत त्यांनीं स्थापत्य व मृत्कला या दोहोंचा अभ्यास केला. १९७१ सालीं ते पुदुच्चेरी, म्हणजे आपल्या जुन्या तोंडवळणाची पाँडेचरी, येथें आले, आणि डेबोरा स्मिथ यांच्यासह त्यांनीं गोल्डन ब्रिज पॉटरी ही कुंभारशाळा सुरू केली. आज हिंदुस्थानांत नांव मिळविलेले अनेक मृत्कलाकार तेथें शिकून गेलेले आहेत. १९८५ च्या सुमारास मीकर घर भाजण्याच्या प्रयोगाकडे वळले आणि पुढचीं कित्येक वर्षें त्यांनीं तो ध्यास सोडला नाहीं.

त्यांच्या पद्धतीचें वर्णन सोपें आहे, कृति सोपी नाहीं. कच्च्या विटा मातींतच रचून कमानीच्या छताचें घर उभारावयाचें. तें वाळलें म्हणजे आंत कच्च्या विटा, कौलें, फरशा असा माल खच्चून भरावयाचा. बाहेरून उष्णता निसटूं नये म्हणून सबंध घरास जाड लेप द्यावयाचा, आणि मग जाळ लावावयाचा. रात्रंदिवस आंच देऊन घर भट्टीप्रमाणें लाल होतें. तें सावकाश निवलें कीं आंतला भाजलेला माल बाहेर काढून विकावयाचा किंवा दुसऱ्या कामास लावावयाचा, आणि मोकळ्या झालेल्या भट्टींत माणसांनीं राहावयास जावयाचें.

या कृतीमागील विचार नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. पहिली गोष्ट आकाराची. कच्ची माती दाब सोसते, ताण सोसत नाहीं. म्हणून तिचें सपाट छप्पर लांकडाच्या आधारावांचून उभें राहत नाहीं; तिला कमानच पाहिजे. ही कमान कशी असावी हें पाहावयाचें असल्यास गळ्यांतील साखळीचीं दोन टोंकें दोन हातांत धरून ती लोंबती सोडावी. जी वक्र रेषा दिसेल ती उलटी केली म्हणजे केवळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते. येथें कलावंतानें आपल्या लहरीनें आकार लादलेला नाहीं. वजनाला जमिनीकडे जाण्याची जी वाट हवी तिलाच त्यानें आकार मानलें आहे. चाकावर मडकें ओढतांना कुंभाराचा हात ज्या शिस्तीनें वर जातो, तीच ही शिस्त.

दुसरी गोष्ट काटकसरीची. कोणत्याही भट्टींत आंचेचा मोठा वांटा मालास न लागतां भट्टीच्या भिंती तापविण्यांत जातो, आणि प्रत्येक खेपेस तो फुकट जातो. मीकर यांच्या योजनेंत भिंत हाच माल! जो व्यय म्हणून लिहावयाचा तो जमेच्या बाजूस येतो, आणि आंतल्या विटाकौलांच्या विक्रीनें सरपणाचा भार हलका होतो. कल्पनेचें सौंदर्य आणि जमाखर्चाचें सौंदर्य अशीं दोन सौंदर्यें येथें एकाच जागीं भेटतात. वास्तुविशारदांच्या लेखणींत पहिलें पुष्कळदा आढळतें, दुसरें क्वचित्.

तिसरी गोष्ट अग्नीच्या वांट्याची. मातींतील वाळूचे कण ५७३ अंशांवर एकाएकीं फुगतात आणि निवतांना त्याच अंशावर आकसतात. म्हणून त्या टप्प्यावर घाई केली तर भिंतीस तडे जातात. कोठें आंच अधिक लागते तेथें भिंत गर्द होते, कोठें कमी तेथें फिकी राहते. नकाशांत हे रंग नसतात. अग्नि आपल्या मर्जीनें कांहीं बदल करणार, हें आधींच गृहीत धरून या घराची योजना करावी लागते. शिवाय एकदां भाजल्यावर मडक्याचा कांठ जसा पुन्हा वळवितां येत नाहीं, तशी येथें भिंतही पुन्हा लिंपून बदलतां येत नाहीं. दार कोठें, कोनाडा कोठें, झरोका कोठें, हें सर्व आगीपूर्वीं ठरलें पाहिजे. म्हणजे आधीं कसून विचार करावयाचा, आणि मग परिणाम नम्रतेनें स्वीकारावयाचा. या दोन वृत्ति एका माणसांत सहसा नांदत नाहींत. कुंभाराच्या धंद्यानें त्या त्यास शिकविल्या.

आतां या प्रयोगाचें फलित काय? घरें भाजलीं गेलीं, उभीं राहिलीं, माणसें त्यांत राहिलीं. परंतु हा मार्ग सर्वसाधारण झाला नाहीं. आंच सर्वत्र सारखी लागणें कठीण. जाड भिंतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत ती पोंचविणें त्याहून कठीण. कमान उभारणारा, भट्टी लावणारा आणि हिशेब ठेवणारा असे तिन्ही निष्णात लोक एका खेड्यांत मिळणें दुरापास्त. आणि सर्वांत मोठी अडचण सरपणाची. माती फुकट मिळते, अग्नि फुकट मिळत नाहीं. ज्या काळांत जंगल वांचवावयाचें तेथें घराघराची भट्टी करणें कितपत परवडेल, हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. मीकर यांनीं आपले प्रयोग थांबविले आणि ते माणसाहून उंच अशा भाजलेल्या मातीच्या शिल्पांकडे वळले. पण त्यांनीं आपल्या प्रयोगांचा वृत्तांत झांकून ठेवला नाहीं. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानें तो २०१८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. पुढचा कोणी या वाटेनें निघाला तर खड्डे कोठें आहेत हें त्यास ठाऊक असेल.

मग खानदेशानें यांतून काय घ्यावें? उद्यां नरडाण्यास कोणी घर पेटवावें असें मी सुचवीत नाहीं. तेथील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि कमानीचे पाय तर बाहेर सरकूं पाहत असतात. अशा चंचल भूमीवर त्यांस स्थिर पाया मिळणें खर्चाचें काम आहे. शिवाय या मातींत चुनखडीचे खडे असतात. ते भट्टींत भाजून कळीचा चुना होतात आणि पुढें ओल लागली कीं फुगून विटेचे कपचे उडवितात. म्हणजे पाँडेचरीचें घर जसेंच्या तसें येथें आणणें हें त्या घरामागील विचारासच सोडून देणें होईल.

धाब्याचें नुसतें गुणगान करूनही भागणार नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माथ्यावरचीं मातीचीं जड छपरें कोसळून हजारों माणसें झोंपेंतच गाडलीं गेलीं, हें महाराष्ट्र विसरलेला नाहीं. शिवाय दर पावसाळ्यापूर्वीं धाब्यावर चढून खारी टाकणें, भिंती लिंपणें, हें काम करावयास आज घरांत माणूस राहत नाहीं. मुलगा सुरतेस किंवा पुण्यास नोकरीवर, घरीं वृद्ध मातापितरें. त्यांनीं स्लॅब पसंत केला तर त्यांस दोष कोणत्या तोंडानें द्यावा? पण चारपांच इंचांचा उघडा स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्रभर तीच आंच खालीं झोंपलेल्यांवर सोडीत राहतो, हेंही तितकेंच खरें. एक घर वर्षाला श्रम मागतें, दुसरें रोज रात्रीं झोंप मागतें.

या पेंचांत घेण्यासारखी आहे ती कुंभाराची विचार करण्याची रीत. तिचे चार प्रश्न आहेत. या जागेची माती कोणती व तिचा स्वभाव काय? वजन कोणत्या वाटेनें जमिनींत जाणार? हें सर्व पक्कें करण्यास किती इंधन जळणार, मग तें आपल्या अंगणांत जळो कीं सिमेंटच्या दूरच्या कारखान्यांत? आणि पुढें याची डागडुजी कोण करणार? या प्रश्नांचीं उत्तरें गांवोगांव निराळीं येतील. कोठें स्लॅबच योग्य ठरेल, पण त्यावर मातीचा किंवा फुटक्या कौलांचा थर घालावासा वाटेल. कोठें मातीची भिंत राहील आणि छप्पर मात्र हलकें होईल. कोठें पश्चिमेच्या भिंतीस एक पडवी जोडली तरी निम्मा ताप कमी होईल. उत्तर कोणतेंही असो, तें त्या घराचें स्वतःचें असेल.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या मनांत गांवीं घर बांधावयाचें असेल त्यांस एवढीच विनंति आहे कीं, शहरांतून तयार नकाशा नेण्यापूर्वीं त्यांनीं तेथील एखाद्या जुन्या गवंड्याजवळ आणि जमल्यास एखाद्या कुंभाराजवळ बसून हे चार प्रश्न विचारावे. नकाशा त्यानंतर काढावा.