श्रमदान हवे, पण हक्क सोडून नव्हे



धारावीलगत मिठी नदीच्या काठी एके काळी शहराचा कचरा टाकला जाई. त्याच सुमारे ३७ एकर जागेवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ साली ते लोकांसाठी खुले झाले. उकिरड्याचे उपवन होऊ शकते ते असे.

तुम्ही तरुण आपल्या वस्तीतील बागेत कुदळ-फावडे घेऊन उतरता, याचे मला समाधान वाटते. ज्याच्या घराला अंगण आहे त्याला बागेची उणीव भासत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याचे अंगण म्हणजे हीच बाग.

मात्र अर्थशास्त्राचा जुना शिक्षक म्हणून एक सांगतो. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगरपालिकांकडे सोपवावयाच्या विषयांत, उद्याने व क्रीडांगणे नमूद आहेत. तुमच्या विनामोल श्रमाचे निमित्त करून माळ्याची जागा रिकामी ठेवली गेली, तर तुमची सेवा एका कामगाराच्या भाकरीवर उठेल. म्हणून झाडे जरूर लावा; पण पालिकेच्या अंदाजपत्रकात बागेसाठी तरतूद किती, माळी किती नेमले, हेही विचारत राहा. श्रमदान हक्काला बळ देणारे असावे, त्याची जागा घेणारे नव्हे.