प्रवेशाच्या खिडकीमागील माणसाचे शिक्षण



गोंदियाच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक कोणत्या भाषेत भाव विचारील, याचा नेम नसतो. बालाघाटकडचे हिंदीत बोलते, आमगावकडचे पोवारीत, तर डोंगरगडहून गाडीने आलेली बाई छत्तीसगढीत. जुना नोकर तिचे दोन शब्द ऐकताच लुगऱ्याची घडी उलगडतो. हे त्यास कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेले नाही. गिऱ्हाईक परत गेले तर दुकान चालत नाही, एवढेच शास्त्र त्यास ठाऊक. महाविद्यालयाच्या प्रवेश-खिडकीमागे बसणाऱ्या लिपिकास ही धास्ती नसते. विद्यार्थी परत गेला, तरी त्याचे वेतन थांबत नाही.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मध्यप्रदेश व छत्तीसगढ या दोन्ही राज्यांच्या सीमेवर वसलेला आहे. सालेकसा व देवरी तालुक्यांतील काही घरांत अद्याप गोंडी बोलली जाते. गोंडी ही द्राविड कुळातील भाषा. ती बोलणारी मुलगी अडखळत मराठी बोलते, तेव्हा ती अशुद्ध मराठी बोलत नसते. घराबाहेरची भाषा बोलत असते. एवढा भेद लक्षात आला, तरी खिडकीवरचा स्वर बदलेल.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिबेटी नावात बहुधा आडनाव नसते. दोन्ही शब्द त्या मुलाचेच नाव असते आणि वडिलांच्या नावाशी ते जुळतीलच, असे नाही. आपला अर्ज मात्र आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असे तीन रकाने मागतो. रकाना रिकामा राहिला म्हणून अर्ज परत आला, तर त्या मुलाने काय करावे? आडनाव बनवून लिहावे, तर गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र यांवरील नावे जुळेनाशी होतात. येथे दोष ना मुलाचा, ना लिपिकाचा. परंतु वर्ष वाया जाते ते मुलाचेच.

पंचांगाचेही तसेच. माघ पौर्णिमेस सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे गोंड समाजाची यात्रा भरते. त्याच दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा ठेवली, तर अनुपस्थिती हा बेशिस्तपणा कसा म्हणावा? धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतकऱ्याची मुले वर्गात कमी दिसतात, हे तर येथील प्रत्येकास ठाऊक आहे. वेळापत्रक करणाऱ्यास तेवढे आठवत नाही.

आपल्या समाजास हा विषय परका वाटू नये. पुण्याच्या वा नागपूरच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलास सूर्यास्तापूर्वी भोजन मिळावे, कांदा-बटाट्याविना भाजी मिळावी, यासाठी किती पालकांनी अधीक्षकांची मनधरणी केली असेल! ज्या अधीक्षकाने 'का?' असे शांतपणे विचारले, त्याचे नाव घरात आजही आदराने घेतले जाते.

सन २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केलेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात विद्यार्थ्यांतील विविधता हा एक स्वतंत्र विषय आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु तो कार्यक्रम अध्यापकांसाठी आहे. नवखा विद्यार्थी प्राध्यापकांस भेटण्यापूर्वी लिपिकास, ग्रंथपालास, वसतिगृहाच्या अधीक्षकास व खानावळीच्या आचाऱ्यास भेटतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांमुळे दूरच्या राज्यांतील मुलेही येतात. त्यांची पहिली गाठही याच मंडळींशी.

मात्र प्रशिक्षणाच्या नावाखाली 'गोंड मुले लाजाळू असतात, तिबेटी मुले शांत असतात' अशी यादी पाठ करून घेतली जाणार असेल, तर त्यापेक्षा अज्ञान बरे. गप्प बसलेली मुलगी लाजत असेल, विचार करीत असेल, किंवा तिला प्रश्नच कळला नसेल. प्रश्न सोप्या शब्दांत पुन्हा विचारणे आणि उत्तरासाठी थांबणे, हीच शिकविण्याजोगी गोष्ट आहे. ती व्याख्यानाने येत नाही. खिडकीच्या दुसऱ्या बाजूस उभे राहून, अनोळखी भाषेतील अर्ज स्वतः भरून पाहिल्याने येते.

प्रवेश सुरू होण्यापूर्वी जूनमध्ये दोन दिवस पुरेत. सालेकशाहून गोंडी जाणणारे एखादे वडीलधारे गृहस्थ, वसाहतीतील एखादी शिक्षिका, आणि पूर्वी याच खिडकीवरून परत गेलेला एखादा माजी विद्यार्थी बोलवावा. त्यांस मानधन द्यावे, कारण ते पाहुणे नव्हेत, शिक्षक आहेत. मानधन, गाडीभाडे व चहा-फराळ धरून हा खर्च स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या भाड्याहून अधिक व्हावयाचा नाही.