तीन पेन्सांचे साप्ताहिक



मुंबईत काळा घोडा भागात डेव्हिड ससून वाचनालय आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. आत शिरले की ससूनशेठांचा पुतळा दिसतो. पण ही संस्था शेठजींनी काढलेली नव्हे. १८४७ साली टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या तरुण कारागिरांनी व फोरमनांनी ती मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन या नावाने सुरू केली. पुढे देणगी आली, १८७० च्या सुमारास इमारत उभी राहिली, आणि पाटीवर नाव लागले ते देणगीदाराचे. देणगी वाईट होती असे मी म्हणत नाही. मात्र कारागिराच्या ज्ञानाचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद त्याआधी चोवीस वर्षे लंडनमध्ये होऊन गेला होता, आणि तो एका साप्ताहिकाने काढला होता. आज मी त्याची हकीकत सांगणार आहे.

साप्ताहिकाचे नाव ‘मेकॅनिक्स मॅगझीन’. पहिला अंक ३० ऑगस्ट १८२३ चा. काढणारे जोसेफ रॉबर्टसन, आणि त्यांचे जोडीदार थॉमस हॉजस्किन. हा हॉजस्किन बाराव्या वर्षी आरमारी जहाजावर चढलेला; शाळेशी त्याचा संबंध तिथेच संपला. वरिष्ठाशी बिनसले, नोकरी गेली, तेव्हा १८१३ साली त्याने आरमारातल्या शिस्तीवर, म्हणजे खलाशांच्या पाठीवरच्या फटक्यांवर, पुस्तक लिहिले. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाला अशा गृहस्थाबद्दल आपलेपणा वाटला तर आपण क्षमा कराल.

अंकाची किंमत तीन पेन्स. त्या काळी रीतसर वर्तमानपत्राला सात पेन्स पडत, कारण त्यातले चार पेन्स सरकारच्या स्टँपाचे. १८१९ च्या कायद्याने स्वस्त पत्रांनाही बातम्या आणि राजकीय मते छापायची तर स्टँप लावणे भाग पडले होते. म्हणून या साप्ताहिकाने यंत्रांबद्दल लिहिले आणि राज्यकारभार बाजूला ठेवला. कामगारांनी मजुरीसाठी संघ करणे १८२४ पर्यंत त्या देशात गुन्हाच होता, हेही ध्यानात घ्या. मी आयुष्यभर पत्रके छापत आलो आहे. काय छापले यापेक्षा काय गाळावे लागले, यावरून पत्राची परिस्थिती अधिक कळते.

अंकात नव्या यंत्रांची चित्रे असत, गणित असे, रसायनाचे धडे असत. पण खरी गंमत पत्रव्यवहारात. वाचकाने आपली अडचण लिहायची, दुसऱ्या गावच्या वाचकाने उपाय सुचवायचा. कारखान्यातले ज्ञान तोवर उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई, तेही उस्तादाची मर्जी असली तर. ते आता तीन पेन्सांत विकत मिळू लागले.

ऑक्टोबर १८२३ मध्ये दोघा संपादकांनी लंडनच्या कारागिरांसाठी एक विद्यालय काढण्याची सूचना छापली. ग्लासगोच्या कारागिरांनी त्याच वर्षी आपली वेगळी संस्था काढली होती. तो धडा समोर होता. ११ नोव्हेंबरला एका खाणावळीच्या दिवाणखान्यात सभा झाली. दोन हजारांवर माणसे जमली. डॉ. जॉर्ज बर्कबेक अध्यक्ष होते. ग्लासगोत कारागिरांना विज्ञान शिकवण्याचा पायंडा त्यांनीच पाडला होता. डिसेंबरात संस्था स्थापन झाली.

आणि तिथेच भांडण जुंपले. फ्रान्सिस प्लेस हा शिंप्याचा धंदा करून वर आलेला गृहस्थ. त्याचे म्हणणे, श्रीमंतांकडून पैसे घेतल्याशिवाय हे उभे राहणार नाही. संपादकांचे म्हणणे, कारागिरांनी स्वतःच्या पैशाने ते चालवावे; दुसऱ्याचा पैसा आला की काय शिकवायचे तेही दुसराच ठरवील. कार्यकारी मंडळात दोनतृतीयांश कामगार असावेत असा नियम झाला खरा. परंतु वर्गणी वर्षाला एक पौंड, म्हणजे २४० पेन्स, आणि तेवढ्यात व्याख्यानगृह बांधता येईना. बर्कबेकांनी ३,७०० पौंड कर्जाऊ दिले. १८२५ मध्ये व्याख्यानगृह उघडले आणि रॉबर्टसन आपल्या साप्ताहिकातून संस्थेवर कोरडे ओढू लागले.

मी कोणाच्या बाजूचा, हे आपण ओळखले असेल. पण प्लेसचे म्हणणे मला उडवून लावता येत नाही. मी ज्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, तिथे मालकांनी कामगारांसाठी पुस्तकांचे कपाट ठेवले होते. कपाट उत्तम सागवानी, किल्ली टाइमकीपरकडे, आणि टाइमकीपर कधी जागेवर नाही. आम्ही आठ जणांनी दरमहा दोन रुपये काढून एक ट्रंक भरली. लेथच्या कामाचे पुस्तक पाने सुटेपर्यंत फिरले. मग संप लांबला, दोन रुपयेही कोणापाशी उरेनात, आणि ट्रंक माझ्या खोलीत येऊन पडली. कपाट मात्र जागच्या जागी होते.

हॉजस्किनने १८२५ साली मजुरांच्या बाजूने भांडवलदारांच्या दाव्याला उत्तर देणारे छोटे पुस्तक लिहिले; कार्ल मार्क्सने पुढे त्याचा आधार घेतला. गंमत अशी, की ज्या संस्थेच्या पैशावरून भांडण झाले, तिथेच त्याने अर्थशास्त्रावर व्याख्याने दिली आणि १८२७ मध्ये ती छापली. ती संस्था आज लंडन विद्यापीठात बर्कबेक या नावाने नांदते आहे. इथेही पाटीवर नाव आले ते कर्ज देणाराचे.

साप्ताहिक रॉबर्टसननी १८५२ मध्ये मरेपर्यंत चालवले. पेटंट मिळवून देणे हा त्यांचा दुसरा धंदा होता, आणि हळूहळू पानेही पेटंटांनी भरू लागली. १८७३ च्या सुमारास त्याचे नाव बदलून ‘आयर्न’ झाले, म्हणजे लोखंड. नावातला कारागीर गेला, माल राहिला.