जुन्या कॅमेऱ्याची घरगुती दुरुस्ती

आमच्या थळच्या खाऱ्या, दमट हवेंत घडीच्या कॅमेऱ्याचा भाता प्रथम कोपऱ्यांवर विरतो. रात्रीं खोलींत काळोख करून आंतून बॅटरीचा उजेड पाडावा. ठिपका चमकेल तेथें छिद्र समजावें. पातळ काळ्या कापडाचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशननें चिकटवावा. सुकेपर्यंत भाता मिटूं नये.

शटर अडकलें तर? १९७८ सालीं थोरल्या बहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीं मीं त्यांत शिवणयंत्राचें तेल सोडलें! पातीं एकमेकांस चिकटलीं; आठांपैकीं एकही चित्र उमटलें नाहीं. ताईनें त्याविषयीं कधीं विचारलें नाहीं, हेंच अधिक लागलें. हीं पातीं कोरडींच चालावयाचीं असतात. पुढील भिंग उतरवून लायटरच्या पेट्रोलांत किंचित् भिजविलेल्या कापसानें तीं हलकेंच पुसावीं, कापूस स्वच्छ निघेपर्यंत. जवळ दिवा पेटता नसावा.