मताचा हक्क आणि मताची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अमेरिकेतल्या निवडणुकांवर बोल, असे मला सांगितले तेव्हा मी जरा बिचकलेच. मी काही राज्यशास्त्राची प्राध्यापक नाही. पण २०२४ च्या नोव्हेंबरात मी न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीकडे होते. ती बऱ्याच वर्षांपासून तिकडची नागरिक आहे. तेव्हा जे पाहिले आणि नंतर जे वाचत गेले, ते तुमच्यापुढे मांडते.

मतदानाचा दिवस मंगळवार. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार, हा कायदा १८४५ चा. देशभर सुट्टी नसते. बहीण दिवसभराची नोकरी उरकून, मुलाला शिकवणीवरून घेऊन, संध्याकाळी मत द्यायला गेली. आता बऱ्याच राज्यांत आधीच्या दिवसांत किंवा टपालानेही मत देता येते, पण तशी सोय किती द्यायची हे ज्या त्या राज्याच्या मर्जीवर. परत आल्यावर मी विचारले, "काय गं, कोण येणार?" ती हसली. "ताई, ते माझ्या मतावर ठरत नाही. नदीपलीकडे ठरतं."

मला वाटले, थट्टा करते आहे. पण ती खरेच सांगत होती. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष देशभरची मते एकत्र मोजून निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला निर्वाचकांची ठरावीक संख्या असते. राज्याचे प्रतिनिधिगृहातले सभासद अधिक सिनेटचे दोन, ही ती संख्या. राजधानी वॉशिंग्टनचे तीन धरून एकूण ५३८. ज्याला २७० मिळाले तो राष्ट्राध्यक्ष. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात ज्याला जास्त मते त्याच्याच पदरात तिथले सगळे निर्वाचक पडतात. न्यू जर्सीने १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारालाच निवडले आहे. म्हणून तिथे कोणी फारसे फिरकत नाही. डेलावेअर नदीच्या पलीकडचे पेनसिल्व्हेनिया मात्र कधी इकडे, कधी तिकडे. सगळ्या सभा, सगळ्या जाहिराती तिकडे.

शिवाय लहान राज्यालाही सिनेटचे दोन मिळतातच. त्यामुळे वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९० हजार माणसांमागे एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांच्या वर माणसांमागे एक. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २९ लाख मते जास्त पडली, तरी त्या हरल्या. २००० मध्ये अल गोर यांचेही तेच झाले. तेव्हा सगळे फ्लोरिडावर येऊन अडले होते. सुमारे साठ लाख मतांत फरक ५३७ मतांचा. फेरमोजणी सुप्रीम कोर्टाने थांबवली.

फ्लोरिडाच्या त्या प्रकरणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तिथल्या मतदानावर देखरेख करणारी राज्याची अधिकारी जिंकलेल्या उमेदवाराच्या फ्लोरिडातल्या प्रचार समितीची सहअध्यक्षही होती! आपल्यासारखा सगळ्या देशाची निवडणूक घेणारा एक आयोग तिकडे नाही. तिथला केंद्रीय निवडणूक आयोग प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवतो. मतदान घेण्याचे काम राज्यांचे आणि त्यांच्या काउंटींचे. बहुतेक राज्यांत मतदारसंघाच्या सीमासुद्धा निवडून आलेले आमदारच आखतात.

आता आपल्या मुद्द्याकडे येते. अमेरिकेतल्या बायकांना मत कधी मिळाले? उत्तर पाठ असते: १९२०. १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या परिषदेत मागणी झाली. सुझन अँथनीने १८७२ मध्ये मत दिले म्हणून तिला अटक झाली, शंभर डॉलर दंड झाला आणि तो तिने भरलाच नाही. बहात्तर वर्षांनी एकोणिसावी घटनादुरुस्ती आली. पण त्या दुरुस्तीची भाषा नीट पाहा. प्रत्येक स्त्रीला मत आहे, असे ती म्हणत नाही. स्त्री आहे या कारणावरून मत नाकारता येणार नाही, एवढेच म्हणते. म्हणजे दुसरे कारण शोधायला वाट मोकळी!

दक्षिणेतल्या राज्यांनी ती कारणे आधीच शोधून ठेवली होती. काळ्या पुरुषांना १८७० मध्ये असाच कागदोपत्री हक्क मिळाला होता, तेव्हापासूनची. मत द्यायचे तर कर भरा. मत द्यायचे तर परीक्षा द्या. कराला रोख पैसा लागतो, आणि गरीब बाईच्या हातात रोख पैसा किती असतो हे तुम्हाला सांगायला नको.

फॅनी लू हॅमर ही मिसिसिपीतली कापसाच्या मळ्यावर राबणारी काळी बाई. १९६२ मध्ये ती नाव नोंदवायला गेली, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तिच्यापुढे राज्यघटनेतला एक किचकट भाग टाकला आणि याचा अर्थ सांग म्हणाले. ती नापास झाली. घरी परतली तर मळेवाला म्हणाला, अर्ज मागे घे नाहीतर चालती हो. अठरा वर्षे जिथे राबली ते घर तिने त्याच रात्री सोडले. पुढे परीक्षा पास झाली. १९६३ मध्ये विनोनाच्या तुरुंगात तिला इतके मारले की ते दुखणे जन्मभर राहिले. १९६४ मध्ये तिने हे सगळे अटलांटिक सिटीच्या पक्ष-अधिवेशनात सांगितले, आणि देशाने ते दूरदर्शनवर पाहिले. १९६५ मध्ये मतदान हक्क कायदा झाला. म्हणजे काळ्या बाईसाठी १९२० आणि १९६५ यांमध्ये पंचेचाळीस वर्षे गेली.

त्या कायद्यात एक महत्त्वाचे कलम होते. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्या कलमाचा आधारच काढून घेतला. त्याच दिवशी टेक्सासने जाहीर केले की, आमचा फोटो-ओळखपत्राचा कायदा आता लागू. त्या कायद्यात बंदुकीचा परवाना चालत होता, विद्यार्थ्याचे ओळखपत्र चालत नव्हते.

त्याच वर्षी टेक्सासमध्ये एका महिला न्यायाधीशालाही मतदान केंद्रावर प्रतिज्ञापत्र लिहून द्यावे लागले. कारण काय, तर परवान्यावर मधले नाव माहेरचे आणि मतदार यादीत वेगळे! न्यायाधीश होत्या म्हणून निभावले. मोलकरणीने काय करावे? कॅन्सस राज्याने तर नोंदणीलाच नागरिकत्वाचा कागद मागितला. तीस हजारांहून जास्त अर्ज अडकले, आणि २०१८ मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. तरी एप्रिल २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने असेच विधेयक सबंध देशासाठी संमत केले. तेव्हा तिथल्या स्त्री-संघटनांनी विचारले: जन्मदाखल्यावर माहेरचे नाव आणि ओळखपत्रावर सासरचे, अशा लाखो बायकांनी काय करायचे?

बहिणीने मला तिची फाईल दाखवली होती. जन्मदाखल्यावर एक नाव, पदवीवर एक, नागरिकत्वाच्या कागदावर तिसरे. लग्नात सासरच्यांनी नुसते आडनाव नाही, नावसुद्धा बदलले होते. म्हणाली, "ताई, नवऱ्याच्या फाईलमध्ये मात्र एकच नाव आहे."

मैत्रिणींनो, नियम सगळ्यांना सारखाच लिहिलेला असतो. पण ज्यांचे नाव, पत्ता आणि पैसा दुसऱ्याच्या हातात, त्यांनाच तो अडवतो. हे आपल्यालाही नवे नाही. १९५१-५२ च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या, कारण त्यांची नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशी होती. स्वतःचे नाव त्यांनी सांगितलेच नव्हते.

अमेरिकेत १९८० पासून राष्ट्राध्यक्षाच्या प्रत्येक निवडणुकीत मतदान करणाऱ्या बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. ते आपोआप झालेले नाही. लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संघटना १९२० मध्ये निघाली, तेव्हापासून दारोदार जाऊन नावे नोंदवणे, नियम समजावणे, वेळ आली तर कोर्टात जाणे, हे कंटाळवाणे काम बायका करत आल्या आहेत. मोर्चाचे फोटो निघतात, मतदार यादी तपासणाऱ्या बाईचा फोटो कोणी काढत नाही. पण हक्क मिळवल्यानंतर तो टिकतो तो या कामावर.

आपल्या गावची, वस्तीची यादी हातात घ्या. नव्याने लग्न होऊन आलेली, नवऱ्याने टाकलेली, माहेरी परतलेली, भाड्याची खोली बदललेली, या बायका त्यात आहेत का, आणि कोणत्या नावाने आहेत, ते पाहा. पुढच्या बैठकीला येताना ती यादी घेऊनच या.